वाचल्याबिगर पुसायचं न्हाई

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन घासाघीस करत होतो. "गुरुजी, दिवाळी अंकासाठी शाळेतल्या गमतीजमती लिहा. पहिली-दुसरीच्या पोरांचे किस्से लोकांना आवडतात." मी लगेच हो म्हणालो. किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण लिहायला बसलो आणि कुठलाही किस्सा घेतला तरी तो फिरून फिरून एकाच भिंतीपाशी जाऊन थांबायला लागला. म्हणून मग त्या भिंतीचंच लिहितो आहे. गंमत तिच्यात आहे, नाही असं नाही. पण ती शेवटपर्यंत पुरत नाही.

मी सरकारी मराठी शाळेतला मास्तर. निम्मी नोकरी शिरूर तालुक्यात झाली, आता दौंडकडे आहे. ही वाडी मांडवगण फराट्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. नाव लिहीत नाही. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक. तिसरी-चौथी बाईंकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पहिली-दुसरीला शिकवायला काय लागतं? म्हणून आमची रीत सांगतो. वाचन सकाळी, लेखन दुपारी, मध्ये खिचडी. सकाळी मी एक ओळ म्हणायची, पोरांनी ती मागून म्हणायची आणि पुस्तकावर बोट फिरवायचं. दुपारी त्यातलंच एक पान दुरेघी वहीत उतरवायचं. याला आम्ही शुद्धलेखन म्हणतो. सकाळचं काम तोंडाचं, दुपारचं हाताचं, आणि या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडत नसे. सकाळी एखादं पोरगं पाठ घडाघडा म्हणायचं आणि जाऊन बघावं तर समोर भलतंच पान उघडं असायचं. दुपारी पानभर लिहायचं आणि "काय लिहिलंस?" म्हणून विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत राहायचं.

आमच्या फळ्याला कोपऱ्यात एक आडवी भेग होती. मी फळ्यावर मजकूर लिहून द्यायचो आणि पोरं उतरवायची. एकदा वह्या तपासायला घेतल्या तर दुसरीतल्या बहुतेक वह्यांत तिसऱ्या ओळीच्या खाली एक वाकडी रेघ. मला आधी कळेना. मग मान वर करून फळ्याकडे पाहिलं. पोरांनी भेगसुद्धा उतरवली होती. काहींनी तर पट्टीशिवाय इतकी हुबेहूब काढली होती की शाबासकी द्यावी. मी हसलो, बाईंना बोलावून दाखवलं, त्याही हसल्या. नंतर तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच वह्यांवर 'अक्षर सुंदर' असा शेरा मारला. त्याचं मला हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. माझं स्वतःचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि पोरांच्या वहीत मला माझंच अक्षर दिसायचं.

या वर्गात दुसरीला ईश्वरी होती. बारीक, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची, सबंध वर्गात सगळ्यांत देखणं अक्षर तिचं. तिचे वडील दत्ता, गावातल्या आप्पांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आप्पा म्हणजे वाडीतलं मोठं खातं: बागायत, सोसायटी, दोन ट्रॅक्टर आणि शाळा समितीचं अध्यक्षपद. सकाळी आल्या आल्या ईश्वरी मला गाठायची आणि घरची हकिकत सांगायची. त्या दिवशी त्यांची शेळी व्याली होती. कोण आधी बाहेर आलं, कोण उभं राहीना, आईनं त्याला गोणपाटानं कसं पुसलं, सगळं हातवारे करून सांगितलं. मला परिपाठाची घाई होती. मी म्हणालो, "बरं बरं, दुपारी लिहून काढ, मग वाचतो."

तिला माझी गंमत वाटली. "सर, मला कुठं लिव्हता येतंय?"

"अगं, काल पानभर लिहिलंस ते काय होतं?"

"ते पुस्तकातलं हाय. शेळी आमची हाय."

आपली शेळी लिहिता येते हे त्या पोरीच्या गावीही नव्हतं, आणि ते तिला न सांगताच मी सात-आठ वर्षं पगार घेत होतो.

मी खडू घेतला. वर्गाच्या चारी भिंतींना खाली, पोरांच्या उंचीला, काळा पट्टा रंगवलेला होता. पोरांनी त्यावर गिरवावं म्हणून सगळ्याच शाळांत तो असतो. आमच्या पट्ट्याचा रंग आप्पांनी दिला होता आणि 'सौजन्य' म्हणून त्यांचं नावही एका कोपऱ्यात होतं. मी गुडघ्यावर बसलो. "बोल, मी लिहितो." ती बोलली तसं लिहिलं: 'आमची शेळी याली. दोन करडं झाली. एक काळं, एक ठिपक्याचं. ठिपक्याचं लई आगाव हाय.'

"आता वाच."

ती वाचणार नाही तर काय! वाक्यं तिचीच होती. पण या वेळी तिचं बोट शब्दावर थांबत होतं. 'ठिपक्याचं' दोनदा आलंय हे तिचं तिला दिसलं आणि ती ओरडली, "सर, ह्ये बी तेच हाय!" दुपारी खिचडी खाऊन मी परत आलो तर पट्ट्यापुढे पोरांचा घोळका आणि मजकुराखाली कुणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं: 'नाव काय ठेवलं'. माझ्या शाळेत कुणी न सांगता लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

बाई दारातून म्हणाल्या, "सर, भिंतीवर 'याली'? उद्या पेपरात 'व्याली' कोण लिहिणार?"

"बाई, तोंडातलं भिंतीवर जातं एवढं आधी कळू दे त्यांना."

"बघा हं सर. भिंतीवरचं पार गावात जातं."

त्या चेष्टेनं म्हणाल्या होत्या.

पुढे तो नेमच झाला. सकाळी आल्यावर ज्याला जे सांगायचं ते पट्ट्यावर. येत नसेल ते अक्षर मला किंवा शेजाऱ्याला विचारायचं. एकानं लिहिलं की दुसऱ्यानं वाचायचं आणि खाली एक प्रश्न लिहायचा. मग लिहिणाऱ्यानं उत्तर. मी सांगितला नव्हता तो नियम पोरांनीच काढला: वाचल्याबिगर पुसायचं न्हाई. म्हणजे आपलं लिहायला जागा हवी असेल तर आधी दुसऱ्याचं वाचायला लागायचं. इतका चांगला नियम मला कुठल्याच प्रशिक्षणात भेटला नाही. पोरं सकाळी दप्तर टाकून विचारायची, "सर, माझं कोण वाचणार? आज माझं कोण वाचणार?"

एकानं लिहिलं, 'काल बिबट्या आला. आमचं कुत्रं नेलं. मी चड्डीत मुतलो. कुणाला सांगू नका.' ते सगळ्या वर्गानं वाचलं. वाचून न दाखवणारी पोरंसुद्धा त्या दिवशी वाचत होती. खाली प्रश्न होता: 'कुत्रं का बिबट्या बघून?' हंडा घेऊन नळाला जाणाऱ्या बाया खिडकीतून डोकावायला लागल्या. आप्पा मोटारसायकल थांबवून हाक मारायचे, "काय मास्तर, आज पेपरात काय हाय?" आणि बिबट्याची बातमी ऐकून पोट धरून हसायचे.

वाचन वाचनाच्या तासाला आणि लेखन लेखनाच्या तासाला, ही विभागणी त्या भिंतीनं मोडली. लिहिणाऱ्याला वाचणारा हवा असतो आणि वाचणाऱ्याला कुणाचं तरी खरं काहीतरी हवं असतं. एवढीच ती विद्या. सांगायला सोपी आहे. तिच्यात धोका काय आहे, तेवढं मला दिसलं नाही.

या शाळेचं नाव वर गेलं आणि पुण्याहून एक मोठे साहेब बघायला येणार असं ठरलं. रोज सकाळी भिंत मी आधी नजरेखालून घालायचो. त्या दिवशी नाही घातली. रांगोळी, शाल, नारळ, चहाची साखर, यातच मी अडकलो होतो. पाहुण्यांच्या तयारीत पोरांचं वाचायचं राहिलं. आमच्या धंद्यात ही चूक नेहमीची आहे, फक्त दरवेळी ती इतकी महाग पडत नाही.

साहेब आले. आप्पा कडक इस्त्रीत त्यांच्या शेजारी. साहेब म्हणाले, "एकानं लिहिलेलं दुसरा वाचतो असं तुमच्याकडे आहे ना? दाखवा."

पहिलीतली राणी पुढे झाली. तोवर ती अक्षरं ओळखायची, पण सलग कधी वाचलं नव्हतं. ती भिंतीच्या कडेनं चालत गेली आणि नियमाप्रमाणे, कुणी न वाचलेलं शोधून तिथं थांबली. अक्षर ईश्वरीचं होतं. राणीनं बोट ठेवलं आणि एक एक शब्द सोडवायला लागली.

"रात्री... पप्पा... आप्पांच्या ट्रॅक्टरवर... नदीला गेलं. वाळू भरताना... फाळक्यात... हात सापडला. दवाखान्यात... सांगायचं... जिन्यावरनं पडलो. आमच्या घराला... जिना न्हाई."

खरं सांगतो, पहिले काही क्षण मला फक्त आनंद झाला. राणी वाचत होती! ट्रॉलीच्या मागच्या झडपेला आमच्याकडे फाळका म्हणतात, तो 'फाळक्यात' हा अवघड शब्द तिनं तोडून, जोडून काढला होता. अर्थ माझ्यापर्यंत मागाहून पोचला. तोवर राणीनं, प्रश्न विचारायची सवय म्हणून, मागे वळून ईश्वरीला विचारलं होतं, "मग कुठनं पडलं?"

"पडलंच न्हाईत," ईश्वरी म्हणाली. "हात चेपला."

त्यात गावाला ठाऊक नव्हतं असं काहीही नव्हतं. रात्री नदीतून कुणाचे ट्रॅक्टर येतात हे पारावरचं कुत्रंही सांगेल. बोलायला कुणाची हरकत नव्हती. ते लिहिलं गेलं होतं आणि मोठ्यानं वाचलं गेलं होतं, हे नवीन होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान. उच्चार स्पष्ट आहेत." मग ते स्वच्छतागृह बघायला गेले.

गाड्या गेल्यावर आप्पा मागे थांबले. चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला खडू बघितला आणि म्हणाले, "मास्तर, रंग आमचाच होता बरं का."

"आप्पा, पोरं आहेत..."

"पोरंच हायेत. पोरांस्नी अक्षर शिकवा. बातम्या द्यायला पेपरवाले हायेत." चप्पल घालता घालता ते वळले. "आन् ती पोरगी खोटं बोलती. तेवढं तिच्या तोंडनं वर्गात म्हणवून घ्या. चार घरात गेलेलं हाय ते."

शाळा सुटताना दत्ता आला. हाताला मोठं बँडेज, दोन बोटं आत बांधलेली. तो वर्गात शिरला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सर, ट्रॅक्टरची चावी काढून घेतली माझ्याकडनं."

"मी बोलतो आप्पांशी."

"तुमी बोलू नका, पाया पडतो. तुमच्या भिंतीनंच झालंय समदं." मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "आप्पा म्हणलं तेवढं करा. तिला म्हणायला लावा. मी घरी सांगितलं तर ऐकंना. म्हणती, सरांनी सांगितलंय खरं लिव्हायचं."

दुसऱ्या दिवशी मी ईश्वरीला पुढे बोलावलं. भिंतीवर तो मजकूर तसाच होता. मी म्हणालो, "ईश्वरी, हे खोटं आहे असं सगळ्यांना सांग."

तिनं भिंतीकडे पाहिलं. परत एकदा सगळं मनात वाचलं, ओठ हलताना मला दिसले. मग विचारलं, "सर, कुठलं वाक्य चुकलं?"

मी म्हणालो, "सगळं."

"सगळं?"

"सगळं. म्हण, मी खोटं लिहिलं."

ती म्हणाली. रडली वगैरे नाही. माझ्यामागून ओळ म्हणायची सवय पोरांना होतीच, तशी तिनं ती म्हटली. मी ओलं फडकं घेतलं आणि पट्टा पुसायला लागलो. मागून राणी ओरडली, "सर, शेवटचं कुणी वाचलं न्हाई!" ईश्वरीच्या मजकुराशेजारी आणखी कुणाकुणाचं लिहिलेलं होतं. काय होतं मला माहीत नाही. मी सगळंच पुसलं.

दोन-चार दिवसांत दत्ताला चावी परत मिळाली. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे कितीतरी वर्षं मी याच आधारावर झोपलो. त्या घराचं पोट राहिलं. खरं आहे ते. मी आप्पांकडे गेलो असतो, वर अर्ज केला असता, तर दत्ताचं काय झालं असतं हे मला आजही सांगता येत नाही. पण दत्तासाठी म्हणून मी गप्प बसलो हे अर्धंच खरं. मला तिथं राहायचं होतं, दौंडहून गाडीवर अर्ध्या-पाऊण तासात जाता येणारी शाळा होती, आणि बदलीत कुठं टाकतील याची भीती होती. दत्ता उंबऱ्याशी आला नसता तरी मी तेच केलं असतं. तो आला म्हणून मला कारण मिळालं.

पुढच्या महिन्यात आप्पांनी पेंटर पाठवला. काळ्या पट्ट्यावर ऑइलपेंटचा हात दिला आणि त्यावर पिवळ्या रंगात मुळाक्षरं, पाढे आणि सुविचार रंगवले. नेमकं ईश्वरीच्या मजकुराच्या जागी आलं 'नेहमी खरे बोलावे'. पेंटरनं यादीतून उतरवलं, कुणी ठरवून केलं नव्हतं. पोरं पहिले काही दिवस खडू घेऊन त्या पट्ट्यापुढे उभी राहायची. ऑइलपेंटवर खडू उमटत नाही, घसरतो. मग ती जागेवर जाऊन बसायला लागली आणि विचारायला लागली, "सर, आज कुठलं पान?" मी पान सांगायचो. दुपारी दुरेघी वही. वर्षअखेर सुंदर हस्ताक्षराचं, आसपासच्या शाळांच्या केंद्रातलं पहिलं बक्षीस आमच्या शाळेला मिळालं. ते घ्यायला आप्पा गेले होते.

आता मी शिक्षकांना प्रशिक्षण देतो. विषय तोच, वाचन आणि लेखन एकत्र कसं शिकवावं. माझ्या मोबाइलमध्ये शेळीच्या मजकुराचा एक जुना फोटो आहे, तो मी पडद्यावर दाखवतो. तरुण शिक्षिका फोटोचे फोटो काढतात. कुणीतरी विचारतंच, "सर, मग ती भिंत पुढे चालू राहिली का?" मी सांगतो, "माझी बदली झाली." बदली झाली हे खरं आहे. भिंत पुसल्यावर मधे तीन वर्षं मी तिथंच होतो, त्यांचं मी सांगत नाही. आणि त्या मुली आपापल्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन भिंती सुरू करतात. त्यांच्याही गावात आप्पा असतील, हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही. हा लेख त्यांच्यातल्या कुणी वाचला तर बरं होईल. निदान भिंत सुरू करण्याआधी त्यांनी स्वतःला विचारावं, की फडकं कुणी हातात दिलं तर मी काय करीन.

या जूनमध्ये घरची बेल वाजली. दारात दत्ता, हातात पेढ्यांचा पुडा, आणि मागे ईश्वरी. बारावी झालेली, उंच, ओढणी सारखी करत उभी. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाच्या वेळी एक कागद द्यायचा होता: मला नर्स का व्हायचं आहे, स्वतःच्या शब्दांत, एक पान.

"सर, तेवढं लिहून द्या," दत्ता म्हणाला. "तिचं अक्षर तर तुमाला म्हाईतच हाय. दिलं की झ्याक उतरवून काढंल."

"बारावीला निबंध कसा लिहिलास?" मी तिला विचारलं.

"गाइडमधले पाठ केले होते सर. तीनातला एक आला." ती हसली. मार्क चांगले होते.

मी चहा सांगितला. टेबलावरचा कागद ओढला, पेन उघडलं. गुडघ्यावर बसायची गरज आता नव्हती. म्हणालो, "ईश्वरी, पहिल्यांदा आपण केलं होतं तसं करू. तू बोल, मी लिहितो."

तिची नजर दत्ताच्या हाताकडे गेली. पेढ्यांच्या पुड्याभोवती त्याची तीन बोटं होती, उरलेली दोन वाकडी, मिटत नसलेली. तिचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता येईल. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "सर, हे कोण कोण वाचणार आहे?"

हाच प्रश्न ही पोरं एके काळी दप्तर टाकता टाकता ओरडायची.

मी म्हणालो, "कॉलेजवाले. दुसरं कुणी नाही."

"नक्की?"

मला 'नक्की' म्हणता आलं नाही. मी मान हलवायच्या आत दत्ता म्हणाला, "सर सांगतील तेच लिव्ह गं. उगं डोकं चालवू नको."

मी पेन तिच्या हातात दिलं आणि सांगायला लागलो. 'मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे. समाजाची सेवा करणे हे माझे ध्येय आहे.' पान भरेपर्यंत सांगत राहिलो. ती मान खाली घालून लिहीत होती. एकदाही थांबली नाही, एकदाही खोडलं नाही. झाल्यावर तिनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "कुठं चुकलंय का सर?"

कुठंही चुकलं नव्हतं. अक्षर अजून तसंच आहे, मोत्यासारखं. शिरूर-दौंडात कुणालाही तो कागद दाखवा, बघणारा म्हणेल, हिचा मास्तर चांगला असला पाहिजे.